बँका फोडा म्हणणारे आणि आमची एक्सेल शीट

रेग्युलेटरी रिपोर्टिंगमध्ये, म्हणजे नियामकांना बँकेचे आकडे कळवण्याच्या कामात, नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, "अमेरिकेत निवडणूक आली की मोठ्या बँका फोडा, त्यांचे तुकडे करून छोट्या बँका करा, असं सुरू होतं. खरंच फोडल्या तर आपलं काय?" २०१६ साली, एका अमेरिकी बँकेच्या पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसात बसून, मीही हाच घोर लावून घेतला होता.

त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क डेली न्यूज या वृत्तपत्राने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्सना विचारलं, बँका फोडणार म्हणजे नेमकं कसं? ते अडखळले, त्यांची भरपूर टिंगल झाली. मीही हसलो. शेजारच्या सीनिअर मॅडम म्हणाल्या, "मग तू सांग, अधिकार कुणाकडे आहे?" मी ठोकून दिलं, "काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे." त्यांनी डॉड-फ्रँक या अमेरिकी वित्तीय कायद्याचं कलम १२१ माझ्यापुढे टाकलं. बँकेपासून देशाच्या आर्थिक स्थैर्याला गंभीर धोका आहे असं फेडरल रिझर्व्हला (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात फेड) वाटलं आणि नियामकांच्या वित्तीय स्थैर्य परिषदेच्या दोन तृतीयांश सदस्यांनी होकार दिला, तर आधी बंधनं घालायची. ती पुरली नाहीत तर मालमत्ता विकायला लावायची. २०१० पासून ही तरतूद आहे, वापरलेली कधीच नाही. नव्याने येणाऱ्याने बातम्यांच्या आधी हे कलम वाचावं.

बँका फोडा म्हणणाऱ्यांचा दबाव वाया जातो असं मात्र नाही. आपल्या टेबलावर तो वेगळं रूप घेऊन येतो. १३ एप्रिलला फेड आणि एफडीआयसीने (ठेवींचा विमा देणारी सरकारी संस्था) पाच बँकांची लिव्हिंग विल परत पाठवली: जेपी मॉर्गन, बँक ऑफ अमेरिका, वेल्स फार्गो, बीएनवाय मेलन, स्टेट स्ट्रीट. (आमची यांत होती का, ते गुलदस्त्यातच राहू दे.) लिव्हिंग विल म्हणजे बँक बुडाली तर सरकारी पैसा न घेता तिचा पसारा कसा आवरायचा, याचा आराखडा. त्याचा सार्वजनिक भाग आणि नियामकांची पत्रं फुकट वाचायला मिळतात. कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा ती बरी.

या आराखड्यासाठी माझं काम होतं कुठली सेवा कुठल्या कंपनीकडून, कुठल्या करारावर मिळते, ते शीटमध्ये भरण्याचं. एका ओळीत आमचंच ऑफिस निघालं. न्यूयॉर्कची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली तर या मजल्याचं भाडं, वीजबिल आणि आमचे पगार कोण देणार? रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'टीबीसी' (टू बी कन्फर्म्ड, म्हणजे अजून पक्कं व्हायचंय). त्या तीन अक्षरांमागे मी तीन आठवडे धावलो.

वेल्स फार्गोचं उदाहरणही पाठ असू द्या. २०१८ मध्ये फेडने तिच्या वाढीवर मर्यादा घातली, एकूण मालमत्ता सुमारे १.९५ ट्रिलियन डॉलर. २०२१ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी फेडला लिहिलं की तिची ठेवींची बँक आणि वॉल स्ट्रीटचा धंदा वेगळे करा. फेडने तसं केलं नाही, पण मर्यादा उठायला २०२५ चा जून उजाडला. या सात वर्षांत मर्यादेखाली राहण्यासाठी ताळेबंद सतत कुणीतरी मोजत होतं. त्या कुणीतरीच्या खुर्चीसाठीच तुम्ही मुलाखत देताय.

आमच्या 'टीबीसी'चं उत्तर अखेर आलं: एक वेगळी सेवा कंपनी, सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढलेली. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे बँक बुडाली तरी फ्लॅटचे सहा हप्ते जातील ना?"