पणजी की मडगाव? बिऱ्हाड हलवण्याआधी असं ठरवा

दोन्ही शहरांत अंतर जेमतेम 33 किलोमीटर. त्यामुळे 'कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो, रोज येऊ-जाऊ' असं म्हणणारे पुष्कळ. महिनाभरात त्यांचा सूर बदलतो.

1. आधी दोन्ही शहरांच्या मधली झुआरी नदी बघा. तुमचं काम नदीच्या कुठल्या बाजूला, यावर निम्मा निकाल लागतो. पर्वरीचं मंत्रालय, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा ताळगाव पठारावरचं विद्यापीठ असेल, तर पणजी. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत असेल, तर मडगाव. घरात दोघं कमावती असतील, तर ज्याची वेळ जास्त आडनिडी, त्याच्या बाजूने घर घ्या. नव्या झुआरी पुलामुळे पुलावरची कोंडी बरीच सुटली हे खरं, पण शहरात शिरतानाची आहेच. शनिवारी संध्याकाळी पणजीत मांडवीकाठच्या रस्त्यावर कॅसिनोवाल्यांच्या गाड्या असतात, तेही धरून चाला.

2. एकदा कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बससेवेच्या) पणजी-मडगाव शटलने ऑफिसच्या वेळेला जाऊन बघा. तिकीट खिडकीवर आधी काढायचं, मग बसमध्ये चढायचं. वाटेत थांबे नाहीत. संध्याकाळची रांग किती लांब जाते ते बघा आणि शेवटची शटल कधी सुटते, ते तिथेच खिडकीवर विचारून घ्या.

3. जागा पावसात बघा. डिसेंबरातलं गोवा कुणालाही आवडेल! पणजीत 18 जून रस्ता आणि मळा भागात जोराच्या पावसात पाणी भरतं. एजंट हे सांगत नाही, तळमजल्यावरचा शेजारी सांगतो. भिंतीला हात लावा, कपाटामागची बाजू बघा. नंतर पाण्याचं विचारा. पणजीला पाणी येतं ओपाच्या पाणीप्रकल्पातून, मडगावला साळावली धरणातून. ऑगस्ट 2019 मध्ये ओपाची जलवाहिनी फुटली आणि पणजी कित्येक दिवस टँकरवर होती. म्हणून इमारतीची टाकी किती मोठी आहे आणि नळ दिवसातून किती वेळ असतो, हे भाड्याच्या आधी विचारायचं.

4. भाडं तोलताना सारखं सारख्याशी लावा. पणजीतल्या मिरामारचा फ्लॅट आणि मडगावातल्या आक्याचा फ्लॅट यांची तुलना फुकट. पणजी एकंदर महागच, म्हणून लोक ताळगाव, सांताक्रूझ, पर्वरीकडे सरकतात. मडगावात फातोर्डा, घोगळ, नावेली बघा. भाड्यात प्रवासखर्च मिळवा, मगच आकडे शेजारी मांडा.

5. गावी कसं जाणार? पणजीला रेल्वे स्टेशन नाही, करमळी गाठावं लागतं. मडगाव जंक्शन आहे, कोकणकन्या तिथूनच सुटते. पण गाव सावंतवाडी-कुडाळकडे असेल आणि बसनेच जायचं असेल, तर पणजी सोयीची. मोपा विमानतळही मडगावपेक्षा पणजीहून जवळ, मडगावकरांना दाबोळी.

6. सुट्टीच्या दिवसाचं बघा. पणजीत कला अकादमी आणि पाटोचं कृष्णदास शामा ग्रंथालय, मडगावात रवींद्र भवन आणि कार्तिकातली हरिमंदिराची दिंडी. माझं मत विचाराल तर बाजारहाट मडगावातच करावा. मुलं मराठी माध्यमात घालणार असाल, तर शाळा आधी नक्की करा, घर नंतर शोधा.

7. पसंती झाली की करार लेखी करा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावीच लागते. घरमालक 'त्याची काही गरज नाही' म्हणाला, तर दुसरी जागा बघा.