सहा पिक्सेलचं घर: पॅक-मॅन जुन्या स्पेक्ट्रमवर बसवताना

आधी चौकटीची वही आणा, पहिलीतल्या मुलांना गणितासाठी देतात तीच. २८ घरं आडवी, ३१ उभी मोजून पेन्सिलीनं कुंपण घाला. नामको कंपनीच्या १९८० सालच्या पॅक-मॅन या व्हिडिओ खेळाचा चक्रव्यूह एवढाच आहे; त्यात नायक ठिपके खात फिरतो आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. प्रत्येक घर ८ बाय ८ पिक्सेलचं, आत २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. गुणांच्या आणि जिवांच्या ओळी धरून मूळ पडदा २२४ बाय २८८, म्हणजे उभा.

सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा पडदा २५६ बाय १९२, आडवा. ३१ गुणिले ८ म्हणजे २४८. इथंच गाडं अडतं.

दादानं १९८६ साली बाहेरून आणलेला ४८केचा, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा, स्पेक्ट्रम आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी माळ्यावर पडून होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तो खाली काढला. पहिल्या खेपेला मी सोपा रस्ता धरला: वहीतल्या आठ ओळी कापल्या आणि घर आठ पिक्सेलचंच ठेवलं. दिसायला झकास. भाच्यानं दोन डाव खेळून विचारलं, "आत्या, ते चौथं भूत इतकं भित्रं का गं?"

त्याचं बरोबर होतं. चौथं भूत म्हणजे क्लाइड, मूळ खेळात केशरी. तुमच्यापासून आठ घरांहून लांब असला तर तो तुमच्यावर चालून येतो, जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे वळतो. मी चक्रव्यूह आखूड केला, पण आठ घरांची मर्यादा तशीच राहिली. त्यामुळे बिचारा बहुतेक वेळ "जवळ"च असायचा. पिंकी, म्हणजे गुलाबी भूत, तुमच्या चार घरं पुढे नेम धरते, तिचंही तेच झालं. तेव्हा घरांची संख्या कमी करू नका, घर लहान करा.

किती लहान? सहा पिक्सेल. ३१ गुणिले ६ म्हणजे १८६. १९२ मध्ये बसतं. रुंदी १६८. उरलेल्या ८८ पिक्सेलच्या पट्टीत गुण आणि जीव मांडा. पण स्पेक्ट्रम पडदा आठ-आठ पिक्सेलच्या बाइटांनी रंगवतो, त्यामुळे सहाचं घर दर वेळी बाइटात वेगळ्या जागी सुरू होतं: ०, ६, ४, २, मग पुन्हा ०. चार घरांचे तीन बाइट झाले की चक्र पूर्ण. भिंतीच्या आणि ठिपक्याच्या प्रत्येक चित्राच्या चार आवृत्त्या आधीच सरकवून ठेवा, खेळ चालू असताना सरकवत बसू नका.

हलणारी चित्रं एकेक पिक्सेल सरकतात, म्हणून त्यांच्या आठ आवृत्त्या लागतात. भिंतीची रेघ घराच्या मधोमध काढली तर दहा पिक्सेलचं भूत न घासता जातं; अकराचं केलंत तर एका बाजूला घासतं. दहा ओळी, प्रत्येकी तीन बाइट, आठ आवृत्त्या: एका चित्राचे २४० बाइट. भुतांच्या नजरेच्या चार दिशा, झालरीच्या दोन तऱ्हा, घाबरलेलं भूत, नुसते डोळे, नायकाचं तोंड उघडं-मिटलं असं सगळं धरून माझी ४७ चित्रं झाली, म्हणजे सव्वाअकरा हजार बाइट. ४८केला हे जड नाही.

भुतांच्या चार जातींना वेगळी चित्रं द्यावी लागतात, कारण रंग सोडावा लागतो. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग मिळतात आणि आपलं सहाचं घर त्या चौकोनांना छेदत जातं. लाल भूत चाललं की शेजारची भिंतही लाल व्हायची, होळीसारखी. मी चक्रव्यूहात एकच रंग ठेवला आणि भुतांच्या अंगावर खुणा केल्या: एक भरीव, एक पोकळ, एक उभ्या रेघांचं, एकाच्या कपाळावर टिकली. खेळणाऱ्याला कोणतं भूत कोणतं ते कळायलाच हवं, नाहीतर त्यांच्या स्वभावांचा उपयोग काय?

आता वेग. मूळ यंत्रातही स्पेक्ट्रमसारखा झेड-८० प्रोसेसरच होता, ३.०७२ मेगाहर्ट्झवर, स्पेक्ट्रमचा ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो. मात्र मूळ यंत्रात चित्रं, ठिपके, रंग सांभाळायला वेगळी सर्किटं होती. इथं सगळं एकट्या झेड-८०च्या गळ्यात. शिवाय मूळ पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, आपला पन्नास वेळा; अशा एकेका बदलाला फ्रेम म्हणतात. पहिल्या पातळीवर नायक मूळ यंत्रात दर फ्रेमला साधारण एक पिक्सेल सरकतो. घर सहाचं आणि फ्रेमा पन्नास, असा हिशेब केला की ११ फ्रेमांत १० पिक्सेल येतात. अपूर्णांकांच्या भानगडीत पडू नका. ३२ बिटांची माळ करा आणि दर फ्रेमला एक बिट फिरवा: बाहेर पडलेला बिट १ असेल तर सरका, ० असेल तर थांबा. नायकाच्या माळेत २९ वेळा १, भुतांच्या माळेत २७ वेळा, कडेच्या बोगद्यातल्या भुतांच्या माळेत १४ वेळा. हे १ मात्र माळेत सगळीकडे सारखे पसरा, नाहीतर भूत लंगडतं. ठिपका खाल्ला की नायकाला एक फ्रेम थांबवा, मोठी गोळी खाल्ली की तीन. एवढ्याशा थांबण्यामुळे ठिपक्यांच्या गल्लीत भुतं तुम्हाला गाठतात आणि रिकाम्या गल्लीत तुम्ही निसटता. हे विसरलात तर खेळ बेचव होतो.

भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या पातळीवर ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यात, २० सेकंद पाठलाग; पुन्हा ७ आणि २०, मग ५ आणि २०, मग ५, आणि पुढे पाठलागच. पन्नासनं गुणा: ३५०, १०००, २५० फ्रेमा. माझी खरी फजिती इथं झाली. मी १००० एका बाइटात कोंबले. असेंब्लरनं, म्हणजे प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या साधनानं, इशारा दिला होता, पण चहा उतू जात होता, मी वाचला नाही. बाइटात २५५च्या पुढे काही मावत नाही. १००० मधून २५६ तीनदा गेले की उरतात २३२, म्हणजे पाच सेकंदही नाहीत. भुतं जरा मागं लागायची की लगेच पाठ फिरवायची. दोन दिवस मी पाठलागाचं गणित तपासत बसले. मूळ खेळातही याच जातीची चूक आहे म्हणा: २५६व्या पातळीला एका बाइटातला आकडा उलटून शून्य होतो आणि अर्धा पडदा कचऱ्यानं भरतो.

पाठलागाचं गणित खरं तर साधं आहे. भूत प्रत्येक घरात शेजारच्या मोकळ्या घरांपासून लक्ष्यापर्यंतचं सरळ अंतर पाहतं आणि सगळ्यांत कमी असेल तिकडे वळतं. मागे फिरायला बंदी, फक्त पाळी बदलताना किंवा नायकानं मोठी गोळी खाल्ली की उलटतं. बरोबरी झाली तर क्रम वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. वर्गमूळ काढू नका, वर्गांचीच तुलना करा. वर्गांच्या तक्त्यात मात्र प्रत्येक आकडा दोन बाइटांचा ठेवा, १६चा वर्गच २५६ होतो. नायक वर पाहत असताना पिंकीचा नेम चार घरं वर आणि चार घरं डावीकडे पडतो. ही मूळ खेळातली चूक आहे. मी ती सुधारली नाही.

चित्रं कधी काढायची, त्यालाही नियम आहे. झेड-८०च्या हॉल्ट, म्हणजे थांबण्याच्या, सूचनेवर थांबा. दर फ्रेमला येणारा इंटरप्ट, म्हणजे जागं करणारा इशारा, आल्यापासून पडद्याची पहिली ओळ रंगायला लागेपर्यंत १४,३३६ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, मिळतात. आख्खी फ्रेम ६९,८८८ची. त्या पहिल्या १४,३३६ मध्ये जितकं पुसून-काढून होईल तितकं करा. सगळ्यांत वर असलेलं भूत आधी काढा, खालचं नंतर. पडदा रंगवणारा किरण वरून खाली येतो, खालच्याला थोडी सवड असते. पुसण्यासाठी मोकळ्या चक्रव्यूहाची ६,१४४ बाइटांची प्रत बाजूला ठेवा आणि तिच्यातून परत उतरवा. खाल्लेला ठिपका त्या प्रतीतूनही पुसा, नाहीतर भूत गेलं की ठिपका पुन्हा उगवतो. वेळ मोजायला घड्याळ नको: काम सुरू करताना पोर्ट २५४वर, म्हणजे पडद्याच्या कडेचा रंग ठरवणाऱ्या वाटेवर, लाल रंग पाठवा, संपलं की काळा. कडेला लाल पट्टा दिसतो, त्याची उंची म्हणजे तुमचा खर्च.

कळांसाठी क्यू, ए, ओ, पी घ्या. शेवटची दाबलेली कळ लक्षात ठेवा आणि त्या दिशेला वाट उघडली की वळा. आवाज उरलेल्या वेळात करा, त्यावर फार जीव टाकू नका.

खऱ्या यंत्रावर चढवण्याआधी एक सांगते. याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण पिन आत ऋण आणि बाहेर धन, म्हणजे आजकालच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट. महाराणी रोडवर दुकानदारानं "लागेल हो मॅडम, नऊ व्होल्टच आहे" म्हणत एक हातात ठेवला होता. मी मीटर लावायला सांगितला. उलटा निघाला.

मूळ खेळात ७० आणि १७० ठिपके खाल्ल्यावर भुतांच्या पिंजऱ्याखाली फळ येतं. माझा नायक इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत फिरतो, त्यामुळे चेरीच्या जागी जिलेबी काढली. दहा पिक्सेलांत वेटोळं काही केल्या जमेना, बांगडीच दिसायची. शेवटी तळलेल्या कंदाच्या चौकोनी फोडी काढल्या, वर मसाल्याचे तीन ठिपके. भाच्यानं बघताक्षणी ओळखलं, "गराडू!"