मागचे डिस्क ब्रेक घरी बदलायचे? आधी विंडबॅक टूल घरात आणा

पुढचे पॅड ज्यांनी घरी बदललेत त्यांना वाटतं मागचे त्याहून सोपे. डिस्क लहान, पॅड लहान, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर हलका. इथेच फसगत होते. बऱ्याच गाड्यांत मागच्या कॅलिपरच्या पोटात हँडब्रेकही असतो आणि त्यामुळे पॅड ढकलणारा तिथला पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो दाबत दाबत फिरवावा लागतो. त्यासाठी वेगळं हत्यार लागतं, त्याला विंडबॅक टूल म्हणतात. मागच्या वेळी नेमकं तेच आणायचं राहिलं, म्हणून ही यादी. बाकी काही विसरलात तर चौकातल्या दुकानातून आणता येईल, हे नाही येणार. स्पेअरच्या साध्या दुकानात ते नसतं आणि गॅरेजवाला स्वतःचं देत नाही. चार दिवस आधी मागवा, हातात आलं की मगच बाकीची तयारी.

खाली उदाहरणाला स्कोडा लॉरा धरली आहे, केबलचा हँडब्रेक असलेली. दुसरी गाडी असेल तर पान्यांची मापं आणि टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप, बदलतील, क्रम तोच राहील. तुमच्या गाडीत हँडब्रेक बटणावर चालत असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून मागचे ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये (मोटार स्वतःच मागे जाते तो मोड) टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका. कॅलिपरवरची मोटार जबरदस्तीने मागे ढकलली की गेलीच. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांनी हे काम गॅरेजमध्येच द्यावं.

पार्ट मागवताना मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये मागच्या डिस्क वेगवेगळ्या मापांच्या येतात, म्हणून चॅसिस नंबर द्या. दोन डिस्क, चार पॅडचा एक सेट, पॅड ज्यात बसतात त्या पत्र्याच्या क्लिपा, कॅलिपरचे चार नवे बोल्ट. बोल्ट नवेच हवेत, कारण त्यांच्या आट्यांवर कंपनीतून लॉकिंगचा लेप येतो आणि तो एकदाच काम करतो. पॅडच्या डब्यात बोल्ट आहेत का ते दुकानातच उघडून बघा. कॅरिअरचे, म्हणजे कॅलिपर आणि पॅड ज्या चौकटीत बसतात तिचे, बोल्टही नवे घ्या. डिस्क नेहमी जोडीने बदलायची. एकीकडे नवी आणि दुसरीकडे झिजलेली असं चालत नाही, ब्रेक दोन्हीकडे सारखा लागत नाही.

डिस्क बदलायची की नुसते पॅड, हे आधी ठरवा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, MIN TH असं लिहिलेलं. व्हर्निअरने मोजा, पण कडेला जो ओठ उरलेला असतो त्यावर नको, पॅड घासतो त्या पट्ट्यावर. कोकणात आणि गोव्यात, किंवा पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत, मागची डिस्क झिजण्याआधी गंजते. मागच्या ब्रेकवर मुळात भार कमी, त्यामुळे गंज घासून निघत नाही. आतल्या बाजूला, जिथे चाकाच्या फटीतून नजर जात नाही तिथे, खड्डे पडलेले असतात. अशी डिस्क जाडीत पास झाली तरी बदला.

हत्यारं. चाकाचे बोल्ट 17 चे. चोरबोल्ट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला वेगळ्या डोक्याचा बोल्ट) असेल तर त्याची चावी आत्ता, हो आत्ता, डिकीत शोधून समोर ठेवा. कॅलिपरच्या बोल्टला 13 चा रिंग पाना आणि मागची पिन फिरू नये म्हणून 15 चा पातळ चपटा पाना. जाड पाना त्या फटीत शिरत नाही. डिस्कच्या छोट्या स्क्रूला टी30 टॉर्क्स बिट. कॅरिअरच्या बोल्टला एम14 चं बारा दातांचं स्प्लाइन सॉकेट. हा बोल्ट लांबून ॲलनसारखा दिसतो, पण ॲलन की किंवा टॉर्क्स घालून जोर लावलात तर दात गोल होतात आणि मग तो बोल्ट काढायला वेल्डिंगवाला बोलवावा लागतो. लांब दांडा, टॉर्क पाना, वायर ब्रश, हातोडी, इम्पॅक्ट ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर. ब्रेक क्लीनरचे दोन स्प्रे, एक कमी पडतो. आणि विंडबॅक टूल. त्याची पेटी उघडून तुमच्या पिस्टनच्या खाचांत बसणारी चकती तिच्यात आहे का ते बघून ठेवा. पिस्टनच्या तोंडावर दोन किंवा चार खाचा असतात आणि चकतीवरच्या खुंट्या त्यांत बसायला हव्यात. चाक काढलं की पॅडच्या कडेने टॉर्च मारून खाचा दिसतात का बघा. दिसल्या नाहीत तर निदान पार्टच्या चित्रावरून खात्री करा.

सहा बाजूंना वेगवेगळ्या खुंट्या असलेला चौकोनी ठोकळा स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका. त्याला मागून आधार नसतो, जोर लावला की खाचेतून निसटतो आणि पिस्टनभोवतीच्या रबराला भोक पाडतो. पेटीत स्क्रूवाला दांडा आणि मागे टेकणारी आडवी पट्टी असतेच, ते पूर्ण किटच हवं.

हे इतकं का सांगायचं, ते समजून घ्या म्हणजे घाईत कुणी सी-क्लॅम्प, म्हणजे पिस्टन सरळ दाबणारा शिकंजा, हातात घेणार नाही. कॅलिपरच्या आत पिस्टनला जोडलेला आट्यांचा दांडा आणि त्यावर एक नट असतो. पॅड झिजत जातो तसतसा हा जोड फिरून लांब होतो, म्हणून पॅड अर्धा झिजला तरी हँडब्रेक तितक्याच दातांवर लागतो. पिस्टन सरळ दाबलात तर तो या आट्यांवर अडतो. आणखी जोर दिला की आतला ॲडजस्टर तुटतो. बाहेरून काही दिसत नाही. गाडी जुळते, पेडलही लागतं, पण हँडब्रेक दोर तुटल्यासारखा मोकळा येतो, किंवा पिस्टनच्या कडेने ब्रेक ऑइल पाझरायला लागतं. मग अख्खा कॅलिपर नवा, त्यासाठी लाइन उघडायची आणि हवा काढायची. विंडबॅक टूलची किंमत या खर्चापुढे काहीच नाही.

ग्रीस दोन प्रकारचं लागतं. गाइड पिनला, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस. पॅडचे कान जिथे क्लिपेत सरकतात तिथे ब्रेकसाठीचं सिरॅमिक ग्रीस, बोटाच्या टोकाएवढं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस पिनला लावू नका, रबर फुगतं आणि पिन अडकते. ब्रेक ऑइल डॉट 4, सीलबंद डबा. मागच्या वर्षी उघडलेला डबा वापरू नका, तो हवेतला ओलावा पिऊन बसलेला असतो. मेडिकलमधून एक 50 मिलीची सिरिंज. पिस्टन मागे गेला की ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी वर येते, मॅक्सच्या वर असेल तर थोडं ओढून घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. जाड वायर किंवा दोरी, कॅलिपर टांगायला. मास्क. पॅडची धूळ तोंडाने फुंकायची नाही, क्लीनरने ओली करून पुसायची.

जागा सपाट आणि टणक. सोसायटीच्या उतारावर नको, पेव्हर ब्लॉक हलत असतील तिथेही नको. या कामात हँडब्रेक पूर्ण खाली लागतो, ओढलेला असेल तर पिस्टन मागे जाणारच नाही. म्हणजे गाडी रोखणार कोण? पुढची चाकं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून उटी लावा, नीट ठोकून. लॉराला ओढ पुढच्या चाकांची, म्हणून गिअरचा उपयोग होतो. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअर काही रोखत नाही, सगळी मदार उटीवर. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर दोन्हीकडे स्टँड, निदान दोन टनी. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक कधीच नाही, भार एका बाजूने आला की ते आवाज न करता फुटतात. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवा.

सुरुवात सकाळी. आणि रविवारी नको, शनिवारी करा, म्हणजे काही अडलं तर दुकानं उघडी असतात. विंडबॅक टूल हातात असेल तरच चाकाच्या बोल्टला पाना लावा. नसेल तर थांबा, पुढच्या शनिवारी करा.

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. नंतर एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली ठेवली की क्लिप कुठे, स्प्रिंग कुठे हे समोर दिसतं. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो उचलला की लगेच वायरने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबू देऊ नका. या क्षणापासून ब्रेकच्या पेडलला कुणीही हात किंवा पाय लावायचा नाही. मुलं आजूबाजूला असतील तर गाडीची दारं लॉक करा. जुने पॅड काढताना आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून बघा. एक पातळ आणि एक जाड असेल तर गाइड पिन अडकली आहे. तशीच ठेवलीत तर नवा पॅडही तिरपा झिजेल. पिन बाहेर काढा, पुसा, गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा, नवं ग्रीस लावा. हाताने ढकलून ती सरकलीच पाहिजे.

डिस्कचा टी30 स्क्रू बहुतेक वेळा जाम असतो. नुसत्या दांड्याने फिरवू नका, डोकं जातं. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचे दोन फटके दिले की सुटतो. डिस्क चिकटली असेल तर टोपीवर चोहोबाजूंनी फिरत फिरत ठोका. ती निघाल्यावर हबचा चेहरा वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासा. इथे कंटाळा करू नका. नखाएवढी गंजाची खपली राहिली तरी डिस्क वाकडी बसते, बाहेरच्या कडेला तो वाकडेपणा आणखी वाढतो आणि महिनाभरात पेडल थरथरायला लागतं. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी काढा आणि मग तिला उघड्या हाताने धरू नका.

आता पिस्टन. हँडब्रेक खाली, कॅलिपरवरचा केबलचा लिव्हर आपल्या मूळ जागी मागे टेकलेला, टाकीचं झाकण सैल. चकती खाचांत बसवा, आडवी पट्टी कॅलिपरच्या बोटांवर टेकवा, दांडा हलका दाब देत घड्याळाच्या दिशेने फिरवा. लॉरात दोन्ही बाजू घड्याळाच्याच दिशेने जातात. काही गाड्यांत एक बाजू उलटी असते, म्हणून किटमध्ये दोन दांडे येतात. पाव पाव फेरा घ्या. पिस्टन फिरताना दिसला पाहिजे आणि त्याच वेळी आत सरकताना दिसला पाहिजे. नुसता गोल फिरतोय आणि आत जात नाही, तर दाब कमी आहे किंवा दिशा चुकली आहे. अजिबात फिरत नाही, तर थांबा, लिव्हर अडकलेला असणार. रबराची टोपी पिस्टनबरोबर पिळत असेल तर बोटाने सोडवा, कडेला सिलिकॉन ग्रीसचा थेंब लावा. पिळलेलं रबर फाटतं आणि आत पाणी शिरतं, मग पुढच्या पावसाळ्यात पिस्टन जाम. ज्या गाड्यांच्या पॅडच्या पाठीवर खुंटी असते त्यांत पिस्टनची खाच शेवटी तिच्या समोर आणावी लागते. लॉरात तसं नाही.

जोडणी उलट क्रमाने. कॅरिअरच्या बोल्टचा टॉर्क तुमच्या चॅसिस नंबरवरून आधीच काढून कागदावर लिहिलेला असावा. कॅलिपरचे बोल्ट 35 न्यूटन मीटर, पिन धरून. चाकाचे 120, चांदणीच्या क्रमाने, गाडी खाली उतरवून. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस लागलं असेल तर तो पॅड टाका, पुसून चालत नाही.

गाडी सुरू करण्याआधी पेडल मारा, कडक होईपर्यंत, वीस-पंचवीस वेळा. मग हँडब्रेक दहा वेळा ओढा आणि सोडा. दोन्ही कॅलिपरचे लिव्हर सोडल्यावर पूर्ण मागे येतात का ते बघा, येत नसतील तर केबल ताणलेली आहे, नट थोडा सैल करा. टाकीत पातळी बघा, झाकण घट्ट.

पहिले ब्रेक रिकाम्या रस्त्यावर, 60 वरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मध्ये गार होऊ देत. गरम असताना पेडल दाबून उभं राहू नका, हँडब्रेकही ओढू नका. लगेच घाटात नको. 50 किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने. विंडबॅक टूल पुसून पेटीत, आणि पेटी दिसेल अशा जागी.