टर्नटेबल लावताय? आधी भिंत बघा

नवीन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, घरी आलं की बऱ्याच जणांचं लक्ष लगेच भारीतल्या कार्ट्रिजकडे (सुई बसवलेला छोटा भाग) जातं. त्याआधी ते ठेवणार कुठे हे ठरवा, कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. एलपीची खाच केसाएवढी बारीक, त्यातलं गाणं कुठलं नि जमिनीची थरथर कुठली हे सुईला काय कळणार. त्यात एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) प्रकारच्या कार्ट्रिजमधून सिग्नल येतो जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट, आणि रेकॉर्ड कापताना बेस कमी केलेला असतो म्हणून फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर) तो परत वाढवतो, २० हर्ट्झच्या आसपास तर जवळपास २० डेसिबलनी, मग पावलांची धपधप पण फुगूनच बाहेर येते.

आधी टेस्ट करा. मोटर बंद ठेवून एखाद्या नकोशा रेकॉर्डवर सुई टेकवा, व्हॉल्यूम रोजचा, आणि खालच्या फळीवर बोटाने हलकं टकटक करा. स्पीकरमधून ठकठक आली तर फळी हादरा सरळ पोचवतेय. मग खोलीत चालून बघा. मग व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, घुमल्यासारखा आवाज चढायला लागला की लगेच खाली आणा, तो स्पीकरचाच बेस सुईत परत शिरतोय.

पावलांच्या हादऱ्याला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे भिंतीवरचं शेल्फ. स्लॅब मधोमध जास्त हलतो, भिंत त्या मानाने हलत नाही. पण भिंत बाहेरची नऊ इंची हवी, चार इंची पार्टिशन नको, आणि पलीकडे किचनचा मिक्सर किंवा फ्रिज असेल तर अजिबात नको. नव्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांची) भिंत असते, तिथे साधा फास्टनर ढिला पडतो, त्या ब्लॉकसाठीचाच मागा. कोपरा मजबूत वाटतो खरा, पण बेस तिथेच साचतो, म्हणून कोपऱ्यापासून जरा लांब लावा. आणि स्पीकर त्याच शेल्फवर कधीच नको!

भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडता येत नसेल तर कडप्पा. किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडे उरलेला तुकडा सहज मिळतो, टर्नटेबलपेक्षा थोडा मोठा कापून घ्या, खाली स्क्वॅशचे अर्धे कापलेले बॉल किंवा रबर पॅड. वरचं वजन जड आणि खालचा आधार मऊ, या जोडीने बारीक थरथर बरीच अडते. नुसता फोम घालू नका, तो वजनाने दबून सपाट होतो आणि मग काहीच अडवत नाही. लिन एलपी१२ सारखं आतून स्प्रिंगवर तरंगणारं मशीन असेल तर मात्र खाली आणखी मऊ काही नको, ते हलक्या पण कडक टेबलावर ठेवा, नाहीतर चालताना सगळंच डोलतं.

जागा पक्की झाली की प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी सपाट करा. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली सेटिंग) शून्यावर आणा, सुईचं कव्हर काढा, काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) फिरवून आर्म, म्हणजे सुईचा दांडा, हवेत आडवा तरंगेल असा करा, मग वजनाची नुसती आकड्यांची रिंग शून्यावर आणा (वजन जागचं हलू द्यायचं नाही) आणि आता अख्खं काउंटरवेट फिरवून कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेला सुईचा दाब लावा. ऑर्टोफॉन २एम रेड कार्ट्रिजला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २. अँटीस्केट तेवढंच. रेकॉर्ड जपायच्या नादात हा दाब कमी ठेवू नका, हलकी सुई खाचेत उडते आणि तीच जास्त खरवडते.

आता परत टकटक करून बघा. हादरा गेला पण सारखा 'हूं' असा एकसुरी आवाज राहिला तर तो कंपनाचा नाही, अर्थिंगची बारीक वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला नीट कसलीय का ते तपासा.