खोटं पकडताय? आधी या चुका टाळा

सहावीच्या वर्गाचे सहलीचे पैसे मोजले, तर दोनशे रुपये कमी भरले. "कोणी घेतले?" मी भर वर्गात विचारलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने मान खाली घातली. शर्टाचं खालचं बटण तो बोटांत पिळत होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी नाही, बाई," म्हणताना आवाज घशातच अडकला. माझ्या लेखी निकाल लागला. त्याच्या आईला बोलावणं गेलं. तिसऱ्या दिवशी हजेरीपटाचं खाकी कव्हर बदलताना आतल्या घडीतून दोनशेची नोट खाली पडली. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. सहलीला तो आला नाही.

त्यानंतर या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेले. माझी एकेक चूक त्यात सापडत गेली.

नजरेवरून निकाल देणं

खोटं बोलणारा नजर चुकवतो, हा समज फक्त आपलाच नाही. २००६ साली ७५ देशांतल्या लोकांची उत्तरं प्रसिद्ध झाली, त्यात सगळ्यात जास्त लोकांनी हेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात मात्र नजरेचा आणि खोटेपणाचा संबंध जवळजवळ नाहीच. मानसशास्त्रज्ञ बेला डिपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा १५८ खुणा तपासल्या. बहुतेकींचा खोटेपणाशी संबंध एक तर नव्हता, नाहीतर अगदीच पुसट होता. डोळे उजवीकडे वळले की खोटं, डावीकडे वळले की खरं, हेही २०१२ च्या प्रयोगांत टिकलं नाही.

आपल्याकडे तर आणखी एक गोम आहे. "वर तोंड करून बोलतोस?" असं दरडावून आपणच मुलांना मोठ्यांसमोर मान खाली घालायला शिकवतो. आणि तीच खाली गेलेली मान पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरतो. हे मला आजही फार लागतं.

घाबरला म्हणजे खोटं बोलतोय, असं धरणं

"खाई त्याला खवखवे" ही म्हण इथे घात करते. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, या भीतीनेच खरं बोलणाऱ्यालाही घाम फुटतो. खोटं पकडायला वापरतात त्या पॉलिग्राफ यंत्राची अडचणही हीच आहे. ते श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतं, खोटं मोजत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल दिला.

उलट सराईत थापाड्या अजिबात घाबरत नाही. पोलीस असल्याचं सोंग घेऊन फोनवर 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणाऱ्याचा आवाज कसा ठाम असतो! तिथे आवाजाची पारख करत बसू नका. फोन ठेवा, जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करा. पैसे गेलेच असतील, तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

"मला चेहरा बघूनच कळतं"

नाही कळत. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि डिपॉलो यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर ठरले, म्हणजे छापा-काट्याच्या जरासं पुढे. पोलिसांसारखे रोज याच कामात असणारेही इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत.

हातातला पुरावा आधीच दाखवणं

घरोघरी सर्वांत जास्त होणारी चूक हीच. समजा, क्लासमधून गैरहजेरीचा मेसेज आला आहे. मुलगा घरात शिरताच आपण मोबाईल त्याच्यापुढे नाचवतो आणि तो त्या मेसेजला जुळेल अशी गोष्ट रचतो. त्याऐवजी मेसेज बाजूला ठेवा. "आज काय काय झालं रे?" एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. मग बारीक विचारा: कुठे बसला होतास, शेजारी कोण होतं, येताना कोणासोबत आलास? खरं घडलेलं सांगणाऱ्याकडे असे तपशील असतात, रचून सांगणाऱ्याला ते जागच्या जागी तयार करावे लागतात. मेसेजचा विषय शेवटी काढा. स्वीडनमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींना ही पद्धत शिकवली, तेव्हा २००६ च्या प्रयोगात त्यांचे अंदाज ८५ टक्के बरोबर आले, न शिकलेल्यांचे ५६ टक्के. तिथे खोटेपणा चेहऱ्यावर नव्हे, तर सांगणं आणि पुरावा यांच्यातल्या विसंगतीत सापडला.

पण एखाद्या तपशिलाची चूक म्हणजे खोटं नव्हे, आठवण कोणाचीही चुकते. आणि तो स्वतःहून कबूल करू लागला, तर मध्ये बोलू नका.

प्रश्नातच आरोप करणं

"कोणी घेतले?" या दोन शब्दांत मी चोरी गृहीत धरली होती. आता पैसे कमी भरले की आधी हजेरीपट झटकते, मग कपाट, मग पाकिटं पुन्हा मोजते. विचारायचीच वेळ आली, तर मधल्या सुट्टीत एकेकट्याला व्हरांड्यात बोलावते आणि म्हणते, "दोनशे रुपये सापडत नाहीत रे. शोधायला मदत करशील?"