एमएसच्या तपासण्यांना जाण्याआधी: वही, फिल्म आणि तारखा

'एमएसची शंका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा' असं चिठ्ठीवर आलं की घरात धावपळ सुरू होते ती एमआरआयचा नंबर लावायची. नंबर लावाच, पण त्याच संध्याकाळी एक वही घेऊन बसा. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आहे की नाही, हे एका रक्ततपासणीत कळत नाही. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांच्यातल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती खराब करते. हे एकाहून जास्त जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालंय का, आणि यामागे दुसरा आजार तर नाही ना, हे जुळवून डॉक्टर निदान करतात. २००१ मध्ये आलेले आणि पुढे अनेकदा सुधारलेले मॅकडोनाल्ड निकष याच विचारावर बेतलेले आहेत. जागा एमआरआयमध्ये दिसतात. तारखा बहुतेक वेळा पेशंटलाच सांगाव्या लागतात.

माझ्या ताईला पहिल्या भेटीत 'याआधी असं काही झालं होतं का?' विचारलं, तर ती 'नाही' म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, विसरली होती. घरी येऊन जुनी कॅलेंडरं काढली. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी तिच्याच अक्षरात होतं, 'डावा डोळा, डॉक्टर'. मग आठवलं. डोळा फिरवला की दुखायचा, आणि करंड्यातलं कुंकू त्या डोळ्याने विटकरी दिसायचं, उजव्याने लालभडक. 'उन्हाने झालं असेल' म्हणून सोडून दिलं होतं, तीन आठवड्यांत गेलंही. निदानाच्या दृष्टीने तो पहिला झटका होता.

म्हणून वहीत प्रत्येक त्रासाची वेगळी नोंद करा. काय झालं, कुठल्या बाजूला, कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, पूर्ण गेलं की थोडं उरलं, तेव्हा ताप किंवा लघवीचा संसर्ग होता का. चोवीस तासांहून जास्त टिकलेला आणि तापामुळे न आलेला त्रासच झटका म्हणून धरतात, त्यामुळे हे बारकावे लागतात. कोणी सहसा आपणहून सांगत नाही अशाही गोष्टी लिहा: मान खाली घातली की पाठीतून करंट जातो का, कढत पाण्याने आंघोळ केल्यावर नजर धूसर होते का, लघवी थांबवता येत नाही का. शेवटचं डॉक्टरांसमोर बोलायला लाज वाटते. लिहिलेलं नुसतं पुढे करता येतं.

मग कागद. एमआरआयचा फक्त रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी हवी. चांगला न्यूरोलॉजिस्ट चित्रं स्वतः बघतो. डोळ्यांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, आधी स्टेरॉईड दिलं असेल तर त्याच्या तारखा, बी-१२ ची इंजेक्शनं झाली असतील तर तेही. बी-१२ च्या कमतरतेनेही मुंग्या येतात, तोल जातो, आणि शाकाहारी घरांत ती पुष्कळ आढळते.

एक प्रश्न मात्र वहीत ठळक लिहून न्या: 'रक्तातल्या एक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी तपासायला हव्यात का?' एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच भासतो, पण त्याची औषधं वेगळी आहेत आणि एमएसवरच्या इंटरफेरॉनने तो बळावू शकतो. घाईत चुकीचं नाव लागण्यापेक्षा रिपोर्टची आठवडाभर वाट पाहिलेली बरी, असं माझं ठाम मत आहे. नजर झपाट्याने जात असेल तर मात्र स्टेरॉईड अडवू नका, रक्त आधी काढून घेता येईल का एवढंच विचारा.

एमआरआयला मेंदूबरोबर मणक्याचाही लिहिलाय का ते बघा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून औषध, देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, रिपोर्ट मागतात. दिवस गेले असण्याची शक्यता असेल, शरीरात पेसमेकर किंवा कुठलाही धातू असेल, तर आधीच सांगा. मंगळसूत्र, बांगड्या, साडीच्या पिना घरीच ठेवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही बोला, त्यावर उपाय असतो. व्हीईपीसाठी, म्हणजे डोळ्यांकडून मेंदूकडे संदेश किती वेळात पोचतो ते बघायच्या तपासणीसाठी, आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका, नाहीतर डोक्यावरच्या तारा नीट चिकटत नाहीत. चष्मा न्या, हलता चौकटींचा पडदा बघायचा असतो. २०२४ च्या सुधारित निकषांत डोळ्याच्या नसेलाही एक जागा म्हणून धरलं आहे, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं हबकतात. 'माणूस लुळा पडतो' हे आमच्या आत्यानेही ऐकवलं. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या खुणा) सापडले आणि एमआरआयही जुळत असला, तर दुसऱ्या झटक्याची वाट न बघता निदान करता येतं, म्हणून ही तपासणी मोलाची. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. त्याच वेळी रक्ताचाही नमुना देतात, कारण दोन्हींची तुलना करायची असते. नंतर उठून बसलं की डोकं ठणकत असेल तर अंगावर न काढता फोन करा.

भेटीच्या दिवशी सैल कपडे आणि पटकन निघतील अशा चपला घाला, एका रेषेत चालायला लावतात, तळव्यांना टोचून बघतात. सोबत कोणीतरी हवंच; ताईला निम्मं बोलणं ऐकूच आलं नव्हतं, मी लिहून घेतलं म्हणून राहिलं. निघताना पुढचा एमआरआय कधी ते विचारा आणि या वेळची सीडी जपून ठेवा, नवा डाग आला का ते तिच्याशीच ताडून बघतात.