प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून सेटवर नवीन आहात? या चुका टाळा

मालिकेच्या सेटवर नव्याने आलेल्या प्रॉडक्शन असिस्टंटला कामचुकारपणामुळे क्वचितच काढलं जातं. बारा तास उभं राहायची तयारी सगळ्यांचीच असते. घोळ होतो तो एका उत्तरामुळे: "हो सर, झालंय." जनरेटरवाल्याला फोन लावलेला असतो, त्याने तो उचललेला नसतो, पण उत्तर 'झालंय'. प्रॉडक्शन मॅनेजर त्या भरवशावर पुढची कामं लावून मोकळा होतो.

उत्तरं तीनच द्यायची. झालं. होतंय, अमुक वाजता नक्की सांगतो. होत नाहीये. हे तिसरं उत्तर सकाळी सातला दिलंत तर मॅनेजर दुसरीकडून जनरेटर मागवतो, फार तर दोन शब्द ऐकवतो. तेच साडेनऊला दिलंत तर अख्खं युनिट चहा पीत बसतं आणि शिफ्टचं मीटर चालूच राहतं. पुढच्या बहुतेक चुका याच सवयीच्या पोटी जन्मतात.

'फिल्मसिटी' हा पत्ता नव्हे

उद्याचा कॉल (कुणी कुठे, किती वाजता यायचं त्याचा मेसेज) पाठवताना 'फिल्मसिटी, ९ वाजता' एवढंच लिहिणारे पुष्कळ आहेत. गोरेगावच्या चित्रनगरीत गेटमधून आत शिरल्यावरही काही लोकेशन्स चांगलीच लांब आहेत. नवा ज्युनिअर आर्टिस्ट गेटवर उतरून चालायला लागला, तर तो घामाघूम होऊन उशिरा पोचणार. रात्रीच्या पॅकअपनंतर तर कुणालाही एकट्याने चालत सोडू नका. शेजारीच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथला बिबट्या ही काही अफवा नाही.

शूटिंगसाठी घेतात त्या मढच्या बंगल्यांचं वेगळंच. वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने माणसं आणि दुचाक्या पटकन पलीकडे जातात, पण कारला मालाड-मार्वेवरून वळसा पडतो. हे कलाकाराच्या ड्रायव्हरला आदल्या रात्री सांगायचं असतं, तो वर्सोव्याच्या धक्क्यावर उभा राहून फोन करतो तेव्हा नाही. मेसेजमध्ये लोकेशनचा पिन, जवळची खूण, गेटवरच्या माणसाचा नंबर आणि गाडी कुठे लावायची, एवढं हवंच. मेसेजला 'ओके' आलं नाही तर फोन करा. निळी टिक म्हणजे होकार नव्हे.

आणि नऊची शिफ्ट म्हणजे तुम्ही नऊला यायचं नसतं. युनिट उतरेल तेव्हा नाश्ता, पाण्याचे जार, मेकअप रूममधले दिवे, सगळं सुरू असायला हवं. नाश्त्यावरून आठवलं: संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार कॅलेंडरमध्ये आधीच बघून ठेवा. उपवासाच्या प्लेट किती, हे आदल्या संध्याकाळी विचारणारा असिस्टंट महिनाभरात सगळ्या सेटचा लाडका होतो. नाहीतर पोह्यांच्या पातेल्यासमोर लाइटदादा नुसता चहा घेऊन उभा दिसतो आणि त्याचा दिवसभराचा मूड तुमच्या नावावर जमा होतो.

सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटबॉयला 'ए स्पॉट' अशी हाक तर चुकूनही नको. स्पॉटदादा, मेकअपदादा, हेअरताई. वयाने लहान असले तरी. रात्री अकराला काहीतरी अडलं की हीच माणसं उपयोगी पडतात.

पेटी कॅशचा हिशेब जुळत नाही

सगळ्यात जास्त रडारड इथेच. समजा सकाळी पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, म्हणून ५,००० रुपये घेतलेत. दिवसभरात बर्फ, रिक्षा, पार्किंग, हाराची फुलं, कलाकाराची डोकेदुखीची गोळी. रात्री खिशात ७४० रुपये आणि बिलं भरतात २,९०० ची. उरलेले गेले कुठे? बहुतेक वेळा चोरी झालेली नसते, लिहिलेलं नसतं.

खर्च झाला की त्याच मिनिटाला नोंद करा: रक्कम, कशासाठी, कुणी सांगितलं. यातलं 'कुणी सांगितलं' फार महत्त्वाचं, कारण "मी कुठे मागवलं होतं?" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. ज्याचं बिल मिळत नाही, त्याचं व्हाउचर करून पैसे घेणाऱ्याची सही घ्या. पेट्रोल पंपाच्या पावतीवरची अक्षरं काही काळाने उडतात, म्हणून फोटो लगेच काढा. स्वतःच्या यूपीआयवरून कंपनीचे खर्च करायचेच असतील तर त्यासाठी वेगळं खातं ठेवा. घरच्या किराण्यात मिसळलेले रिक्षाचे ६० रुपये महिन्याअखेरीस शोधून दाखवा पाहू. हिशेब रोज पॅकअपनंतर द्यायचा. शनिवारी एकदम दिलेला आठवड्याचा हिशेब कुणालाच पटत नाही.

सेटवरची शिस्त

लागलेल्या सेटवरच्या सोफ्यावर बसू नका, टेबलावर स्वतःचा ग्लास ठेवू नका. मागच्या शॉटमध्ये तो ग्लास नव्हता. देव्हाऱ्यासमोरचा नैवेद्याचा पेढाही खाऊ नका, पुढच्या टेकला तोच लागणार असतो. बंगल्यात सिंक साउंड (शॉटबरोबरच आवाजही रेकॉर्ड करणं) असेल तर फ्रिज बंद करायला सांगतात. तो बंद करताना आपल्या बाइकची किल्ली आत ठेवा, म्हणजे घरमालकाची मासळी खराब करून निघून जाण्याची वेळ येणार नाही.

सेटवरचे फोटो टाकायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी नववधूच्या वेशातल्या नायिकेबरोबरचा सेल्फी कुणीतरी स्टोरीला टाकतोच, आणि तीन आठवड्यांनी दिसणारं लग्न प्रेक्षकांना आजच कळतं.

पैसे आणि पुढची वाट

दिग्दर्शक व्हायचंय म्हणून प्रॉडक्शनमध्ये शिरलेले बरेच भेटतात. प्रॉडक्शनची वाट मॅनेजर, कंट्रोलर, लाइन प्रोड्यूसर अशी जाते. दिग्दर्शन हवं असेल तर एडी (असिस्टंट डायरेक्टर) म्हणूनच काम शोधा. 'आधी आत घुसू, मग बघू' यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: रोजावर की महिन्यावर, महिना किती शिफ्टचा, कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) वेगळा का, उशिरा पॅकअप झालं तर ड्रॉप (घरी सोडायला गाडी) आहे का. मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे मिळण्याची रीत जुनी आहे, तेव्हा पहिले तीन महिने खोलीभाडं कुठून भरणार याची सोय आधी करा. काम देण्यासाठी तुमच्याकडूनच 'डिपॉझिट' मागणाऱ्या कोऑर्डिनेटरला एक रुपयाही देऊ नका.

हातात कमी पैसे आले तर आधी टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) बघा. व्यावसायिक फी म्हणून बिल लावलं असेल तर साधारण १० टक्के कापले जातात. पॅन दिला नसेल तर २० टक्के. पॅन दिलेला असेल तर ते पैसे बुडालेले नसतात. २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर विभागाचा तक्ता) रक्कम दिसते का ते तपासा आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरा, परतावा बँकेत जमा होतो. रक्कम तिथे दिसतच नसेल, तर कंपनीच्या अकाउंट्सला मेल करा. सेटवर मॅनेजरला विचारून उपयोग नाही, ते काम त्याच्याकडे नसतं.